पाटाच्या पाण्याची चाल

पावसाळ्याच्या आरंभीं नदीचें गढूळ पाणी घागरींत भरून रात्रभर ठेविलें, कीं सकाळीं वरचें पाणी निवळलेलें असतें व तळाशीं बोटभर गाळ बसलेला आढळतो, हा अनुभव घरोघर जुना आहे. ज्या पाण्यानें हा गाळ कित्येक मैल वाहून आणिला, त्याच पाण्याला घागरींत तो एक रात्रही तोलून धरतां येत नाहीं. पाणी तेंच, गाळही तोच. बदलली ती केवळ पाण्याची चाल. वाहत्या पाण्याचा वेग हाच गाळाचा आधार होय. वेग मंदावला कीं तो आधार सुटतो. घागरींतली ही क्षुल्लक गोष्ट कालव्यांत घडूं लागली, म्हणजे मात्र तिच्यावर हजारों कुटुंबांचें पोट अवलंबून राहतें.

कालवा म्हणजे मनुष्यानें खणलेली नदी. नदी आपली रुंदी, खोली व उतार स्वतःच ठरविते. कालव्याच्या बाबतींत हें सारें इंजिनियरला कागदावर आधींच ठरवावें लागतें. येथें दोन संकटें वाट अडवून उभीं असतात. उतार कमी ठेविला, तर पाणी रेंगाळतें, नदींतून आलेला गाळ तळावर बसतो, कालवा उथळ होतो आणि ज्याचें शेत त्याच्या अगदीं शेवटीं आहे त्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोंचत नाहीं. उतार जास्त ठेविला, तर पाणी मातीचा तळ खरवडूं लागतें, कांठ ढांसळतात, पुलांचे पाये उघडे पडतात आणि पाण्याची पातळी इतकी खालीं जाते कीं शेजारच्या शेतांना पाणी देणारे फांटे कोरडे राहतात. गाळ बसूं न देणारी आणि तळही न खणणारी अशी मधली चाल कोणती, हा प्रश्न दिसण्यांत साधा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्यांत पिढ्या खर्चीं पडल्या. आणि अखेर जें उत्तर मिळालें, तें बव्हंशीं कालव्यांनींच दिलें.

उत्तर हिंदुस्थानांत हा प्रश्न फार तीव्रतेनें उभा राहिला, याचें कारण हिमालयांतून उतरणाऱ्या नद्या. पुराच्या दिवसांत त्यांचें पाणी रेती व चिखल यांनीं भरलेलें असतें. सिंधमध्यें व दक्षिण पंजाबांत पूर्वीं जे कालवे होते, ते पुराचे कालवे. नदी चढली म्हणजे पाणी आपोआप त्यांत शिरे आणि पूर ओसरला म्हणजे गाळानें भरलेला चर मागें राही. मग हिवाळ्यांत गांवोगांवचीं माणसें फावडीं व टोपल्या घेऊन त्या चरांत उतरत. कित्येक भागांत ही मजुरी सक्तीची असे. वर्षानुवर्षें उपसलेल्या गाळाचे ढीग दोन्ही कांठांवर उंच वाढत जात आणि पुढल्या वर्षाची टोपली आणखी उंच चढवावी लागे. पाण्याच्या वेगांतील चूक ही अशी माणसाच्या पाठीवर येऊन पडत असे.

युरोपांत या विषयाचा विचार अगोदर सुरू झाला होता. इटलींत दोमेनिको गुलिएल्मिनी यानें १६९७ सालीं नद्यांच्या स्वभावावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नदी आपला तळ कोठें खणीत, कोठें भरीत अखेर समतोलास येते, हा विचार त्यांत आहे. फ्रान्समध्यें द्यू ब्वा या लष्करी इंजिनियरनें १७७९ सालीं आपला जलशास्त्राचा ग्रंथ काढिला आणि १७८६ सालीं तो वाढवून पुन्हां प्रसिद्ध केला. पाण्याचा किती वेग झाला असतां तळावरची कुंभारमाती, वाळू किंवा गोटे हलूं लागतात, हें त्यानें प्रयोग करून पाहिलें. उतारावरून वेग काढण्याचें सूत्रही दिलें. त्याचे प्रयोग कसोशीचे होते. मात्र ते लहान पाटांवरचे होते. ही मर्यादा किती महाग पडेल, तें पुढें गंगेच्या कांठीं दिसावयाचें होतें.

१८३७-३८ च्या दुष्काळांत गंगा-यमुनांमधील दुआबांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. त्या आघातानंतर बंगाल तोफखान्यांतील अधिकारी प्रोबी कॉटले यानें हरिद्वारापासून गंगेचें पाणी दुआबांत नेण्याची योजना पुढें मांडिली. १८४२ सालीं खणण्यास आरंभ झाला. कंपनी सरकारचा हात कधीं सैल, कधीं आंखडता. तरी काम पुरें होऊन ८ एप्रिल १८५४ रोजीं रुडकी येथें पाणी सोडण्यांत आलें. रुडकीजवळ सोलानी नदीवरून हा कालवा पन्नास-पन्नास फूट रुंदीच्या पंधरा कमानींवरून नेलेला आहे. त्याच कामासाठीं माणसें तयार करावीं, म्हणून १८४७ सालीं रुडकीचें इंजिनियरिंगचें विद्यालय निघालें. एवढा मोठा कालवा हिंदुस्थानांत पूर्वीं कोणी खणला नव्हता.

हरिद्वाराखालीं जमिनीला जो उतार आहे, तो मातीच्या कालव्याला सोसणारा नव्हे. म्हणून जागोजाग पक्क्या पायऱ्या बांधून पाणी एकदम खालीं उतरवावयाचें आणि दोन पायऱ्यांच्या दरम्यान सौम्य उतार ठेवावयाचा, अशी रचना करण्यांत आली. सौम्य म्हणजे किती, हें ठरविण्यास कॉटलेजवळ दोन आधार होते. एक अनुभवाचा: १८३० सालीं सुरू झालेल्या पूर्व यमुना कालव्यावर उतार जास्त झाल्यामुळें तळ खणला गेला होता आणि मागाहून पायऱ्या बांधून तो सांवरावा लागला होता. दुसरा आधार द्यू ब्वाच्या सूत्राचा. परंतु लहान पाटावरून बसविलेलें सूत्र शेंकडों फूट रुंदीच्या व दहा फूट खोलीच्या प्रवाहास लावितांच चुकलें. मोठ्या प्रवाहांत कांठांची व तळाची अडवणूक पाण्याच्या मानानें कमी होते. म्हणून खरें पाणी सूत्रांतल्या पाण्यापेक्षां वेगानें धांवूं लागलें. पायऱ्यांच्या खालचा तळ खणला जाऊं लागला, कांठ तुटूं लागले, आणि कालवा ज्या पाण्यासाठीं बांधिला होता तेवढें पाणी त्यांतून सोडणें धोक्याचें ठरलें.

या प्रकरणावर मोठा वाद माजला. गोदावरीवर धवळेश्वरम् येथें बंधारा बांधून नांव मिळविलेला आर्थर कॉटन यानें १८६३ नंतर गंगा कालव्याच्या रचनेवर कडक टीका केली. तिच्यांत तीव्र उताराचा मुद्दा होता. कॉटलेनें उत्तरें दिलीं. दोघेही समर्थ पुरुष, दोघांच्याही कामानें दुष्काळी मुलखांत अन्न पिकलें. पण पाणी कोणाच्या कीर्तीकडे पाहून वाहत नाहीं. कॅप्टन क्रॉफ्टन याच्याकडे चौकशी सोंपविण्यांत आली आणि पुढें पायऱ्यांचे माथे उंचावून, नव्या पायऱ्या घालून, उतार कमी करून कालवा सुधारून घ्यावा लागला. कॉटलेच्या हातून निष्काळजीपणा झाला नव्हता. त्यानें उपलब्ध ज्ञान प्रामाणिकपणें वापरलें. तें ज्ञानच तोकडें होतें.

त्यानंतर पाणी मोजण्याचें काम नव्या दमानें सुरू झालें. फ्रान्समध्यें आंरी दार्सी व त्याच्यामागून बाझँ यांनीं केलेले प्रयोग १८६५ सालीं प्रसिद्ध झाले. तळ व कांठ गुळगुळीत आहेत कीं खडबडीत, यावर वेग फार अवलंबून असतो, ही गोष्ट त्यांनीं निर्विवाद सिद्ध केली. खुद्द गंगा कालव्यावर रुडकीजवळ अॅलन कनिंगहॅम या लष्करी इंजिनियरनें १८७४ पासून १८७९ पर्यंत तरंगते दांडे सोडून वेगाचीं असंख्य मापें घेतलीं. प्रवाहाच्या मध्यें वेग किती, कांठाजवळ किती, वर किती, खालीं किती, याचें चित्र आतां स्पष्ट झालें. परंतु हें सारें केवळ पाण्याविषयीं होतें. त्यांतील गाळाविषयीं इंजिनियर अजून अंदाजानेंच चालत होते.

ही उणीव भरून काढण्यास मार्ग दाखविला तो पंजाबच्या पाटबंधारे खात्यांतील आर. जी. केनेडी यानें. रावी नदींतून माधोपूर येथें निघणारा अपर बारी दुआब कालवा १८५९ सालीं सुरू झाला होता. केनेडीच्या काळापर्यंत त्याला तीस-पस्तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. या अवधींत त्याच्या शाखांत व फांट्यांत एक मोठा, कोणीही न योजिलेला प्रयोग आपोआप पार पडला होता. जेथें तळ जास्त खोल खणला होता तेथें गाळ बसून तो वर आला होता. जेथें उथळ होता तेथें पाण्यानें तो खरवडला होता. कित्येक फांटे अशा स्थितीस येऊन पोंचले होते, कीं त्यांतून वर्षानुवर्षें गाळ काढावा लागत नव्हता आणि त्यांचा तळही खालीं जात नव्हता. इतरांनीं हे फांटे तापदायक नाहींत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केलें असतें. केनेडीनें नेमके तेच निवडले.

त्यानें प्रत्येक ठिकाणीं पाण्याची खोली व सरासरी वेग मोजला आणि १८९५ सालीं लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढें आपला निबंध मांडिला. निष्कर्ष थोडक्यांत असा: कालव्याला मानवणारा वेग सर्वत्र एकच नसतो, तो खोलीबरोबर वाढतो. खोली फुटांत घेऊन तिच्या .६४ व्या घातास .८४ नें गुणिलें, म्हणजे सेकंदास किती फूट वेग हवा तें निघतें. एक फूट खोल पाटाला सेकंदास .८४ फूट वेग पुरतो. चार फूट खोल कालव्याला सुमारे दोन फूट लागतो. आठ फूट खोल असेल तर तीन फुटांहून थोडा अधिक. याहून कमी वेग झाला तर गाळ बसेल, जास्त झाला तर तळ खणला जाईल. या वेगाला त्यानें निर्णायक वेग म्हटलें.

असें कां व्हावें, याचेंही एक कारण त्यानें सुचविलें. पाणी तळाशीं घांसत जातें तेव्हां तेथून लहान-लहान भोंवरे उठून वर येतात, आणि वाळूचे कण त्यांच्याच बळावर तरंगत राहतात. पाणी जितकें खोल तितका गाळानें लादलेला पाण्याचा थर उंच, आणि तो तोलून धरण्यास भोंवरेही तितकेच जोरकस हवेत; म्हणून खोल कालव्याला अधिक वेग. ज्या भोंवऱ्यांकडे पूर्वींचे इंजिनियर निव्वळ शक्तीचा अपव्यय म्हणून पाहत, तेच कालव्याला जिवंत ठेवणारे ठरले.

केनेडीच्या सूत्राचा प्रसार झपाट्यानें झाला, आणि त्याबरोबरच त्याच्या मर्यादाही उघड झाल्या. रावीची रेती हें त्याचें माप होतें. सिंधमधील रेती अधिक बारीक. तेथें कमी वेगही पुरे पडे. डोंगराजवळच्या जाड वाळूला अधिक वेग लागे. म्हणून प्रत्येक मुलखासाठीं सूत्राला एका गुणकाची जोड द्यावी लागली. दुसरी उणीव याहून मोठी होती. कालवा किती रुंद असावा, याविषयीं सूत्र कांहींच सांगत नव्हतें. त्यामुळें दोन इंजिनियर तेंच सूत्र वापरून एक अरुंद व खोल, तर दुसरा रुंद व उथळ असे अगदीं भिन्न कालवे आंखूं शकत, आणि दोघांचेंही गणित बरोबर असे.

ही कोंडी लोअर चिनाब कालव्यावर फुटली. तेथील मापें अभ्यासून ई. एस. लिंडले यानें १९१९ सालीं असें प्रतिपादिलें, कीं गाळाचें पाणी मोकळ्या मातींतून दीर्घ काळ वाहूं दिलें, तर रुंदी, खोली व उतार हीं तिन्ही अखेर पाणीच ठरवितें. माणसानें वेगळी रुंदी लादली, तर ती फार दिवस टिकत नाहीं. या विचाराला पूर्ण रूप दिलें जेराल्ड लेसी यानें. १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत मातीच्या स्थिर कालव्याविषयीं एक अत्यंत साधा संबंध आहे. दर सेकंदास किती घनफूट पाणी जातें, त्याचें वर्गमूळ काढून सुमारे पावणेतिनांनीं गुणावें, म्हणजे पाण्याला भिडलेला तळ व कांठ यांची मिळून लांबी किती होईल तें फुटांत मिळतें. शंभर घनफुटांच्या फांट्याला ती सुमारे सत्तावीस फूट. दहा हजार घनफुटांच्या कालव्याला सुमारे दोनशें सदुसष्ट फूट. पाणी शंभर पटींनीं वाढलें, तरी पसारा वाढतो तो दहा पटच. शिवाय गाळाच्या कणाच्या जाडीवरून एक अंक काढून लेसीनें तो वेगाच्या हिशोबांत घेतला. त्यामुळें रेतीची जात ही स्थानिक सवलत न राहतां गणिताचा भाग झाली.

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. मुंबई सरकारनें १९१६ सालीं पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठीं पुण्यास एक खास शाखा उघडली. दख्खनच्या कालव्यांवर त्या वेळीं अडचण होती ती गाळाची नव्हे. हे कालवे धरणांतून निघतात आणि बराचसा गाळ धरणांतच बसतो. तेथें जमिनी पाणथळ व खारवट होत चालल्या होत्या. परंतु त्या काळीं सिंध प्रांत मुंबई इलाख्यांतच होता आणि सिंधु नदीवर सक्कर येथें प्रचंड बराज बांधण्यांत येत होता. १९३२ च्या जानेवारींत तो सुरू झाला. सहासष्ट गाळ्यांचा, दोन्ही तीरांवर मिळून सात कालव्यांना पाणी देणारा. थोड्याच वर्षांत असें दिसून आलें, कीं उजव्या तीरावरच्या कालव्यांत रेती भरूं लागली आहे. हा प्रश्न पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणाखालीं चालणाऱ्या प्रयोगशाळेकडे आला. तिचे प्रमुख क्लॉड इंग्लिस यांनीं उघड्या मैदानावर नदीची लहान प्रतिकृति करून तींत वाळू व पाणी सोडून पाहिलें.

तेथें जें तत्त्व उपयोगी पडलें, तें चहाच्या पेल्यांत रोज पाहावयास मिळतें. पेला चमच्यानें गोल ढवळला, म्हणजे तळाची चहाची पत्ती कडेला फेंकली जाईल असें वाटतें. पण ती तळाच्या मध्यभागीं गोळा होते. वरचें पाणी वेगानें फिरून बाहेर ढकललें जातें. तळाचें पाणी घर्षणानें मंदावतें व पत्तीसह आंत ओढलें जातें. नदीच्या वळणावरही हेंच घडतें, असें जेम्स टॉमसन यानें १८७६ सालीं स्पष्ट केलें होतें: वरचें निवळ पाणी वळणाच्या बाहेरच्या कांठाकडे, आणि तळाची वाळू आंतल्या कांठाकडे. याचाच अर्थ, कालव्याचें मुख बाहेरच्या बाजूस असलें तर त्यांत रेती कमी शिरते. सक्करला उजव्या तीरापुढें पात्रांतच बांध घालून कालव्यांकडे जाणाऱ्या पाण्याला अनुकूल वळण देण्यांत आलें, तें प्रतिकृतीवरील अशाच प्रयोगांवरून. गाळ कालव्यांत शिरल्यावर त्याला वाहून नेण्याची खटपट करण्यापेक्षां तो दाराशींच कमी करावा, हा नवा धडा त्यांतून मिळाला. इंग्लिस यांनीं या संशोधनाचा मोठा ग्रंथ १९४९ सालीं पुण्याहून प्रसिद्ध केला. ती संस्था केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र या नांवानें आजही खडकवासल्यास काम करीत आहे.

केनेडीचा अपर बारी दुआब कालवा १९४७ च्या फाळणींत दुभंगला. माधोपूरचें मुख भारतांत राहिलें, आणि लाहोरकडील खालचा भाग पाकिस्तानांत गेला. त्यानंतरच्या काळांत मोठीं धरणें झालीं, कित्येक कालव्यांना पक्कें अस्तर मिळालें, आणि गणितें यंत्रांच्या हातीं गेलीं. तथापि प्रश्न संपलेला नाहीं; त्याची जागा बदलली आहे. नदीचा गाळ आतां धरणाच्या शांत पाण्यांत बसतो आणि जलाशय हळूहळू भरत जातो. धरणाखालीं सुटणारें निवळ पाणी गाळाचा भार नसल्यामुळें नदीचा तळच खणूं लागतें. घागरींत रात्रभर जें घडतें, तेंच जलाशयांत दशकानुदशकें घडत आहे.

म्हणून कालव्याची परीक्षा त्याच्या मुखाशीं करून भागत नाहीं. तेथें पाणी नेहमींच भरपूर दिसतें. ती करावयाची असते फांट्याच्या अगदीं शेवटीं, जेथें पाट हातभर रुंद होतो आणि एक शेतकरी फावडें टेकून आपल्या पाळीची वाट पाहत उभा असतो. वरच्या साऱ्या मैलांत पाण्याची चाल कोणीतरी नीट राखली असेल, तरच त्याच्या वांफ्यांत पाणी उतरतें.